स्कॅन केलेलं सापडत का नाही? गोव्यातल्या वाचनालयासाठी मेटाडेटाची मांडणी

प्रश्न असा आहे. गोव्यातल्या एका गावच्या जुन्या मराठी वाचनालयाच्या चिटणीसबाई लिहितात: छापील पुस्तकांची नोंद कोहा या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अलीकडे जुनी नियतकालिकं, देवस्थानांच्या उत्सवांच्या स्मरणिका, नाटकांची हँडबिलं आणि थोडी पोर्तुगीज पुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली, पण वाचकाला त्यातलं काही शोधून मिळत नाही. नोंदी करायच्या दोन ठरलेल्या पद्धतींपैकी कुणी सांगतं डब्लिन कोअर वापरा, कुणी म्हणतं कोहातली मार्क सोडू नका. मराठी, कोकणी, पोर्तुगीज असा मिश्र संग्रह असताना कोणतं मेटाडेटा स्टँडर्ड, म्हणजे वस्तूची माहिती नोंदवायचा ठरलेला साचा, घ्यावं? आणि हाताशी दोनच स्वयंसेवक असतील तर सुरुवात कुठून करावी?

ताई, स्टँडर्डचा निर्णय सोपा आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकते. कोहातली पुस्तकं मार्कमध्येच राहू द्या. स्कॅन केलेल्या साहित्याला डब्लिन कोअर लावा. माणसांची आणि गावांची नावं मात्र दोन्हीकडे एकाच यादीतून घ्या. कस लागणार आहे तो या तिसऱ्या गोष्टीत, कारण गोव्यात एकाच माणसाची, एकाच गावाची, एकाच वर्षाची तीन-तीन रूपं कागदोपत्री आढळतात. चौकटी कुठल्याही घेतल्या तरी वाचकाला वस्तू सापडणार की नाही, हे आत काय लिहिलंय त्यावर ठरतं.

आत्ता काय होत असणार ते बघा. फायलींची नावं स्कॅनरने दिली तशीच राहिली असतील, स्कॅन-४७, स्कॅन-४८ अशी. पीडीएफमध्ये पानांची चित्रं आहेत, अक्षरं नाहीत. वाचक 'शिरगावची जत्रा' असं टाकतो तेव्हा शोधयंत्राला जुळवून बघायला एक शब्दही मिळत नाही. ओसीआर करून घ्या, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. सल्ला चांगला आहे, टेसरॅक्टसारख्या मोफत साधनात मराठीची सोयही आहे. पण पुसट छपाई, दुमडलेला कागद, मिश्र लिपी आली की ओसीआर अडखळतो. आणि तो अगदी बिनचूक चालला तरी जे कागदावर छापलेलंच नाही ते तो कुठून आणणार? हँडबिलावर 'येथील पटांगणात' एवढंच असतं. हे 'येथील' म्हणजे कोणतं गाव, ते माणसालाच लिहावं लागतं. मेटाडेटा म्हणजे हेच लिहिणं. ज्यांनी कार्ड कॅटलॉग हाताळलाय त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. स्टँडर्ड पाळण्याचा फायदा असा की तुमच्या चौकटींची नावं जगातल्या दुसऱ्या ग्रंथालयांच्या यंत्रणेलाही कळतात.

मार्क हे स्वरूप १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट आव्रम यांच्या पुढाकाराने घडलं. तीन आकडी क्षेत्रं, त्यांची उपक्षेत्रं: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय. पुस्तकांसाठी ते आजही भक्कम आहे आणि तुमची सगळी देवघेव त्यावर चालते, तेव्हा त्याला हात लावायचं कारण नाही. हँडबिलाची नोंदही मार्कमध्ये करता येते, पण तिथल्या शिस्तीला सरावलेला माणूस लागतो. दोन स्वयंसेवकांवर ते ओझं टाकू नये असं माझं मत आहे.

डब्लिन कोअर त्या मानाने आटोपशीर. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि वेबवरच्या कुठल्याही वस्तूला पुरेल अशा मोजक्या घटकांवर त्यांनी सहमती केली. आज ते घटक १५ आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकर्ता, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. २००३ मध्ये त्यांना आयएसओ १५८३६ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. यातला एकही घटक सक्तीचा नाही आणि प्रत्येक घटक हवा तितक्या वेळा पुन्हा वापरता येतो. ही दुसरी सवलत आपल्यासाठी सोन्यासारखी आहे. एका वस्तूला तीन शीर्षकं, दोन भाषा, चार विषय देता येतात. शिवाय पर्यायी शीर्षक, 'कशाचा भाग आहे', स्थळ अशा बारीक घटकांची जोडही पुढे मिळाली आहे, ती जरूर घ्या.

सॉफ्टवेअर म्हणाल तर तुमच्या आकाराच्या वाचनालयाला ओमेका पुरेल. त्यात डब्लिन कोअर मुळातच असतं आणि साध्या वेब-होस्टिंगवर ते चालतं. डीस्पेस हे विद्यापीठांत रुळलेलं, दमदार साधन आहे, पण ते सांभाळायला तांत्रिक माणूस कायम हवा. तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता एक हँडबिल समोर ठेवू या. समजा, फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या जत्रेत गावच्या नाट्यमंडळाने 'संगीत शारदा' केलं, त्याची ही जाहिरात. वर देवाचं नाव, मग नाटकाचं, खाली पात्रपरिचय, हार्मोनियम आणि तबल्याची साथ कुणाची, तिकिटाचे दर, छापखान्याचं नाव. अंत्रुज महालात, म्हणजे या फोंड्याच्या परिसरात, अशी उत्सवी नाटकं गावोगाव होत आली आहेत आणि कित्येक कलाकारांच्या नावाचा दुसरा पुरावा कुठे राहिलेला नाही. त्यामुळे या एका कागदावर अर्धा तास गेला तरी तो सार्थकी लागतो.

पहिली अडचण 'कर्ता' या चौकटीत येते. स्वयंसेवक तिथे हमखास गोविंद बल्लाळ देवल लिहितात. देवलांनी नाटक लिहिलं, हँडबिल लिहिलं नाही. ते काढलं नाट्यमंडळाने, म्हणून कर्ता मंडळ. देवलांचं नाव 'विषय' मध्ये जाईल आणि नाटकाचं नावही तिथेच. नट, गायक, साथीदार हे 'सहकर्ता' मध्ये की 'वर्णना'त, यावर दुमत होऊ शकतं. मी ती सगळी नावं विषय म्हणून स्वतंत्र ओळींत देते, कारण आजोबांचं नाव शोधत येणारा नातू ते नाव टाकूनच येणार आहे. 'प्रकाशका'त छापखाना लिहू नका. छापखाना वर्णनात, 'मुद्रक' असा शब्द लावून. 'प्रकार' मध्ये ठरलेला एकच शब्द: हँडबिल. आज हँडबिल, उद्या हस्तपत्रक, परवा जाहिरात असं झालं की गाळणी लावून बघणाऱ्याला एक तृतीयांशच माल दिसतो. 'व्याप्ती'त गाव आणि तालुका. 'संबंध' मध्ये त्या मंडळाच्या इतर कागदांचे दुवे.

राहिला दिनांक. हँडबिलावर तिथी आणि वार असतो, सालाचा पत्ता नसतो. अशा वेळी तिकिटाचा दर बघा. पोर्तुगीज अमदानीत रुपया आणि टांगा ही नाणी होती; १९५८-५९ मध्ये त्यांच्या जागी एस्कुदो आला; १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया. दर एस्कुदोत असेल तर हँडबिल त्या मधल्या तीन-चार वर्षांतलं. आता हे लिहायचं कसं? 'अंदाजे मुक्तीपूर्व' असं लिहिलं तर यंत्राला क्रम लावता येत नाही. आयएसओ ८६०१ या मानकाच्या विस्तारित रूपात अनिश्चित तारखांची सोय केलेली आहे. कालखंड असेल तर दोन सालांमध्ये तिरपी रेघ, १९५८/१९६२. साल नक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह, १९५५?. फक्त दशक माहीत असेल तर शेवटच्या आकड्याच्या जागी इंग्रजी एक्स. निष्कर्ष कशावरून काढला ते वर्णनात एका वाक्यात लिहा: 'तिकिटाचे दर एस्कुदोत असल्यावरून काळ ठरवला.' पुढे कुणाला तो अंदाज सुधारायचा झाला तर त्याला धागा मिळतो.

शके सालाचंही असंच. इसवी सन हवा तर शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि पुढच्या इसवी सनात संपतं. शके १८५२ म्हणजे मार्च १९३० ते मार्च १९३१. मासिकाच्या अंकावर पौष-माघ असेल तर सहसा ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर १९३०/१९३१ असं लिहा आणि छापलेलं मूळ शके साल वर्णनात जसंच्या तसं ठेवा. दिनांकाच्या चौकटीत आकडे इंग्रजी कळफलकावरचे टाका आणि क्रम वर्ष, महिना, दिवस असा ठेवा. शीर्षकात देवनागरी आकडे असतील ते मात्र तसेच राहू द्या.

आता नावांकडे वळते. माझ्या मते तुमच्या निम्म्या अडचणी इथेच सुटतील.

बा. भ. बोरकर, बाळकृष्ण भगवंत बोरकर, बाकीबाब. कुठल्याही गोवेकराला ही तीन नावं एकाच कवीची आहेत हे कळतं, यंत्राला कळत नाही. शणै गोंयबाब आणि वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर हे एकच, हेही त्याला कुणीतरी सांगावं लागतं. उलट बाजूचं उदाहरण कोसंबींचं. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) बौद्ध धर्माचे अभ्यासक, आणि त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) गणिती आणि इतिहासकार. स्वयंसेवकाने नुसतं 'डी. कोसंबी' असं लिहून ठेवलं की बापलेकांची पुस्तकं एका ढिगात पडतात. म्हणून नावापुढे जन्म-मृत्यूची सालं जोडायची पद्धत आहे. सालं नसतील तर गाव किंवा व्यवसाय जोडा.

यासाठी ग्रंथालयशास्त्रात प्रमाण नावांची यादी ठेवतात आणि तुमच्या कोहात ती सोय आयती आहे. प्रत्येक व्यक्तीचा एक अधिकृत रेकॉर्ड: १०० क्षेत्रात ठरलेलं रूप, ४०० क्षेत्रांत बाकीची सगळी रूपं. वाचकाने यातलं कुठलंही रूप टाकलं तरी कोहा त्याला ठरलेल्या रूपाकडे नेऊ शकतो. डब्लिन कोअरची नोंद करताना नाव हाताने टाइप करायचं नाही. कोहाच्या या यादीतून उचलून चिकटवायचं. दोन प्रणाली वेगळ्या राहूनही अशाने एकमेकींना जोडलेल्या राहतात. प्रसिद्ध माणसांसाठी व्हीआयएएफ किंवा विकिडेटावरचा क्रमांकही त्या रेकॉर्डमध्ये नोंदवा. व्हीआयएएफमध्ये निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी केलेल्या नावांच्या याद्या एकत्र जुळवलेल्या असतात. पेडणे-सत्तरीतला एखादा कीर्तनकार तिथे नसेल, तर त्याचा पहिला रेकॉर्ड तुम्ही करायचा. ते काम दुसरं कुणी करणार नाही.

पोर्तुगीज धाटणीच्या नावांना एक वेगळा नियम आहे. तिथे शेवटचं आडनाव प्रमुख मानतात आणि 'दे', 'दा' ही उपपदं मागे जातात. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचं नाव 'कुन्हा' खाली येईल, 'ब्रागांझा' किंवा 'द' खाली नाही. दोन्ही स्वयंसेवकांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

गावांची नावं याहून घोळाची. पणजी, पणजें, पांजिम, शिवाय १८४३ पासून सरकारी कागदांत 'नोव्हा गोवा'. डिचोली आणि बिचोली, पेडणे आणि पेर्नें, केपे आणि केपें. रायतूर आणि राशोल. तिसवाडी तालुक्यात 'जुने गोवे' आहे आणि 'गोवा वेल्हा' नावाचं दुसरंच गाव आहे. परगावचा अभ्यासक ही दोन हमखास एक समजतो. तालुक्यांच्या हद्दीही हलल्या आहेत. धारबांदोडा हा तालुका अलीकडचा, जुन्या कागदांत तिथल्या गावांपुढे सांगे लिहिलेलं असतं. नियम एकच ठेवा: आजचं मराठी नाव आणि आजचा तालुका हे प्रमाण रूप, कागदावरचं जुनं रूप पर्यायी म्हणून सोबत. जिओनेम्स या मोफत स्थलकोशात गावांना क्रमांक दिलेले असतात, तो क्रमांक यादीत जोडला की जुने गोवे आणि गोवा वेल्हा पुन्हा कधी मिसळणार नाहीत.

भाषा आणि लिपी या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच नोंदवा. थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, छपाई रोमन लिपीत. लिपी बघून कुणी भाषेच्या रकान्यात पोर्तुगीज टाकलं की मराठीचा इतक्या महत्त्वाचा ग्रंथ मराठीच्या शोधातून गायब. कोकणीचं तर रोजचंच आहे. देवनागरी कोकणी आणि रोमी कोकणी यांचे वाचक बरेचदा वेगळे असतात. भाषांना आयएसओ ६३९ चे तीन अक्षरी संकेत आहेत: मराठीला एम-ए-आर, कोकणीला के-ओ-के, पोर्तुगीजला पी-ओ-आर. लिप्यांचे चार अक्षरी संकेत आयएसओ १५९२४ मध्ये मिळतात. दोन्ही जोडून लिहिले की रोमी कोकणीची यादी एका टिचकीत निघते.

जाता जाता कोहातली एक गोष्ट आजच तपासा. मार्कच्या ००८ क्षेत्रात भाषेसाठी तीन अक्षरांची जागा असते आणि कोहात ती मुळात 'इंग्रजी' अशी भरून येते. नोंद करणाऱ्याने ती बदलली नाही तर मराठी कादंबरी भाषेच्या गाळणीत इंग्रजी म्हणून दिसते. सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये ही मूळ भाषा मराठी करून ठेवता येते. जुन्या नोंदींसाठी कोहाच्या बॅच बदलाचा, म्हणजे अनेक नोंदी एकदम बदलण्याच्या सोयीचा, उपयोग करा, पण आधी बॅकअप घ्या. आणि ज्या मराठी पुस्तकांची शीर्षकं पूर्वी रोमन अक्षरांत टाकली आहेत, ती २४५ मध्ये देवनागरीत आणून रोमन रूप २४६ मध्ये ठेवा. दुसऱ्या लिपीसाठी ८८० हे खास क्षेत्र आहे, मात्र छोट्या वाचनालयाला ते हाताळणं किचकट जातं. २४६ ने शोधाचं काम भागतं.

देवनागरी टायपिंगचे दोन प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात, पण शोध तिथेच अडतो. पहिला, जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र भलतीच अक्षरं असतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरा प्रश्न युनिकोडच्या आतला. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे शब्द. 'ॲ'चंही तेच, एक सलग अक्षर म्हणून टाइप होतो किंवा अ वर चंद्र चढवून. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही या जोड्या एक करत नाही. म्हणून वाचनालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, इनस्क्रिप्ट घ्या, आणि वर्षातून एकदा यादीवर शोधा-बदला चालवून रूपं एकसारखी करावीत.

शुद्धलेखनाचाही विचार करा. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या अंकांवर 'गोमंतकांतील कांहीं आठवणी' अशी शीर्षकं असतात आणि आजचा वाचक तसं टाइप करणार नाही. छापलेलं शीर्षक जसंच्या तसं शीर्षकाच्या चौकटीत, आजच्या लेखनातलं रूप पर्यायी शीर्षकात. पोर्तुगीज पुस्तकांना पर्यायी शीर्षकात मराठी भाषांतर दिलंत तर पोर्तुगीज न येणारा विद्यार्थीही तिथवर पोचेल. हे काम वेळखाऊ आहे, तरीही करा असाच माझा आग्रह राहील, कारण मुक्तीपूर्व गोव्याचा केवढा तरी ऐवज त्या भाषेत अडकून पडला आहे.

विषयांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयसूची कोहातल्या पुस्तकांना लागू असेल तर असू द्या. स्थानिक साहित्याला मात्र तुमची स्वतःची छोटी मराठी यादी हवी: जत्रा, शिमगो, दशावतार, खाजन, भाटकार आणि कूळ, मुक्तिलढा. प्रत्येक शब्दापुढे समानार्थी रूपं लिहा. गावकरी आणि कोमुनिदाद एकाच संस्थेची नावं आहेत. १६ जानेवारी १९६७ चं मतदान कुणी जनमत कौल म्हणतं, कुणी सार्वमत, कुणी ओपिनियन पोल. एक प्रमाण ठरवा, बाकीची रूपं संदर्भ म्हणून ठेवा. यादी शंभरेक शब्दांच्या पुढे जाऊ लागली तर थोडं थांबून फेरविचार करा.

नियतकालिकाची नोंद तीन पातळ्यांवर होऊ शकते: मासिक, अंक, लेख. दोन माणसांत प्रत्येक लेखाची नोंद होणार नाही. मासिकाची एक नोंद, तिच्याखाली 'कशाचा भाग' या घटकाने जोडलेली प्रत्येक अंकाची नोंद, आणि अंकाच्या वर्णनात अनुक्रमणिका जशीच्या तशी टाइप केलेली, एवढं पुरे. लेखकांची आणि लेखांची नावं अनुक्रमणिकेतूनच शोधात येतात. स्मरणिकांनाही हाच मार्ग.

हक्कांची चौकट रिकामी सोडू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. वालावलीकर १९४६ मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं आहे. बोरकर १९८४ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०४४ संपेपर्यंत हक्काखाली राहतील. स्मरणिका देवस्थानाने छापली म्हणून तिच्यातल्या प्रत्येक लेखाचा हक्क देवस्थानाचा, असं धरून चालू नका. 'हक्क संपलेले', 'परवानगीने प्रसिद्ध', 'हक्क तपासायचे आहेत' अशा तीन ठराविक वाक्यांवर काम भागेल. तिसऱ्या गटाची नोंद सर्वांना दिसू द्या, पीडीएफ फक्त वाचनालयात बसून बघता येईल असं ठेवा.

बाहेरच्या माणसाला हे कसं कळणार, हा तुमच्या प्रश्नातला न लिहिलेला भाग आहे असं मला वाटतं. त्याला दोन वाटा आहेत. एक ग्रंथालयांची. ओएआय-पीएमएच या ठरावीक पद्धतीने एक संगणक दुसऱ्याच्या नोंदी आपोआप उचलतो, आणि त्यासाठी साधं डब्लिन कोअर देता येणं ही किमान अट आहे. तुम्ही ती आधीच पुरी केलेली असेल. कोहात ही सोय आहे, ओमेकाला तिचं प्लगइन मिळतं. आयआयटी खरगपूरने चालवलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या ठिकाणी तुमच्या नोंदी पोचल्या की पुण्या-मुंबईचा संशोधक तिथून तुमच्यापर्यंत येईल. पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाशीही बोला. १८३२ पासूनची ती संस्था आहे. तुमच्याकडच्या एखाद्या मासिकाचे गहाळ अंक तिथे असू शकतात किंवा उलटही. दोन्हीकडच्या नोंदी एकसारख्या असतील तर हे ताडून बघणं काही तासांचं काम ठरतं.

दुसरी वाट गूगलची. गूगल डब्लिन कोअर बघून क्रम लावत नाही. त्याला प्रत्येक वस्तूचं स्वतंत्र पान हवं, त्या पानाच्या शीर्षकात वस्तूचं खरं नाव हवं, वर्णन साध्या मराठी वाक्यांत हवं आणि सर्व पानांची यादी देणारा साइटमॅप हवा. सगळ्या पीडीएफ एकाच लांबलचक पानावर लटकवलेल्या असतील तर तिथेच खरी गोम आहे. शोधयंत्रांना कळाव्यात म्हणून पानात घालायच्या स्कीमा डॉट ओआरजीच्या खुणा ही पुढची पायरी. पहिल्या वर्षी त्यांच्याशिवाय चालेल.

फायलींना आता कायमचे क्रमांक द्या. रोमन अक्षरं आणि आकडे, मध्ये मोकळी जागा नाही, क्रमांकात साल किंवा गाव गुंफलेलं नाही, कारण साल चुकलं असं पुढे कळलं तर क्रमांक बदलावा लागेल. तोच क्रमांक ओळखक्रमांकाच्या चौकटीत आणि मूळ कागदाच्या पाकिटावर पेन्सिलीने.

सुरुवात हँडबिलांपासून करा, पुस्तकांपासून नको. पुस्तक दुसरीकडे मिळू शकतं. वेगवेगळ्या तऱ्हेची वीसेक हँडबिलं घ्या, दोन्ही स्वयंसेवकांना एकमेकांचं न बघता त्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये करायला सांगा आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जिथे फरक पडला असेल तिथे नियम हवा. ते नियम एका पानावर लिहा, पान दोनाचं झालं तरी हरकत नाही, आणि त्यानंतरच पुढचा गठ्ठा उघडा. एक्सेलमधली यादी सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) करून ओमेकात एकदम चढवता येते, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही. जत्रेच्या दिवसांत वाचनालयात गावचे जुने नट येतात, तेव्हा साल-गाव न लागलेली हँडबिलं त्यांच्यापुढे ठेवा आणि ते जे सांगतील ते, 'तोंडी माहिती' असा शेरा मारून, त्याच दिवशी नोंदीत घाला. नियमांचं पान तयार झालं की मला पाठवा. पोर्तुगीज नावांचा भाग मी तपासून देईन.